पागोट्याचा रंग

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गौलीगुड्याच्या घरी खर्ड्याची लढाई पुन्हा एकदा लढली गेली. रणांगण माडीवरची खोली, वेळ दुपारी दोनपासून चहापर्यंत आणि दोन्ही सैन्यांचा सेनापती एकच, माझा पंधरा वर्षांचा नातू. मी शाळेत चौतीस वर्षे चित्रकला शिकवली. त्या पुण्याईवर या मोहिमेत मला रंगाऱ्याची जागा मिळाली. जागा फारशी मानाची नव्हती. पण त्या निमित्ताने जे मी जन्मभर शिकवीत आलो त्यातले थोडे मला पुन्हा शिकावे लागले आणि रंगांच्या आडून एक जुना घरगुती प्रश्नही समोर येऊन उभा राहिला. म्हणून हा लेखनप्रपंच.

खेळाचे नाव ‘सिव्हिलायझेशन ३’. तो २००१ साली बाजारात आला. माझ्या मुलाने महाविद्यालयात असताना त्याची तबकडी आणली होती. ती नातवाला कपाटात सापडली. खेळ बुद्धिबळाच्या जातीचा, पण पट जगाएवढा. गावे वसवायची, रस्ते बांधायचे, तह करायचे, मोडायचे आणि सैन्य बाळगायचे, सारे आळीपाळीने. त्यात हिंदुस्थानचे राज्य आहे, त्याच्या प्रमुखपदी महात्मा गांधी आहेत आणि त्याचे खास सैन्य म्हणजे लढाऊ हत्ती! मला हसू आवरेना. नातवाची खंत मात्र निराळी होती. “आबा, यात मराठे नाहीतच,” तो म्हणाला.

खेळ करणाऱ्यांनी एक दार मात्र उघडे ठेवले आहे. ज्याला हौस असेल त्याने स्वतःचा नकाशा आखावा, स्वतःची राज्ये मांडावीत, आपल्या सैनिकांची चित्रे स्वतः करून आत बसवावीत. नातवाने खर्डा निवडला. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून मी त्याला पुस्तके आणून दिली आणि दोघांनी मिळून वाचली. मार्च १७९५. जामखेडजवळच्या खर्ड्यास एका बाजूला सवाई माधवराव पेशव्यांच्या नावाखाली एकत्र आलेले मराठे सरदार, दुसऱ्या बाजूला आमच्या हैदराबादचा निजाम अली खान. निजाम माघार घेत खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, तेथे कोंडला गेला आणि तहास कबूल झाला. त्याचा दिवाण मुशीर-उल-मुल्क ओलीस म्हणून पुण्याला गेला. कवायती फौजा दोन्हीकडे होत्या आणि त्यांचे फ्रेंच सेनानीही दोन्हीकडे होते. निजामाकडच्या रेमंडची समाधी आजही आपल्या शहरात आहे आणि मूसारामबाग या नावात तो अजून राहतो आहे.

वाचता वाचता नातू एका ठिकाणी थबकला. ज्या किल्ल्यात निजामाने आसरा घेतला तो बांधलेला निंबाळकरांनी. आणि हे निंबाळकर निजामाच्या पदरी! पुढे चंद्रसेन जाधव आले. धनाजी जाधवांसारख्या सेनापतीचा मुलगा, पण बाळाजी विश्वनाथाशी बिनसले म्हणून निजाम-उल-मुल्काकडे गेला आणि भालकीची जहागीर मिळवून राहिला. मग ‘रावरंभा’ हा किताब आला. तोही निजामाने निंबाळकरांनाच दिलेला. नातवाने पुस्तक मिटले. “म्हणजे मराठे दोन्हीकडे?” त्याच्या आवाजात थोडा हिरमोड होता. पण मुलगा व्यवहारी आहे. क्षणभराने म्हणाला, “बरेच झाले. मराठा स्वाराचे एकच चित्र दोन्ही बाजूंना चालेल.”

हे एकच चित्र दोन्ही बाजूंना चालते कसे, येथूनच आमच्या अडचणींना सुरुवात झाली.

नातवाने संगणकावर घोड्याचा आणि स्वाराचा त्रिमितीय सांगाडा उभा केला. वेश मी ठरवला : तांबडे पागोटे, पांढरा अंगरखा, कमरेला शेला, हाती भाला, भाल्याला निशाण. घोडा अबलख. खेळात सैनिक आठ दिशांनी दिसावा लागतो. आमच्या दौडीला एका दिशेची पंधरा चित्रे होती, म्हणजे एकट्या दौडीची एकशे वीस. शिवाय उभे राहणे, वार करणे आणि पडणे वेगळेच. आठवडाभर संगणक घरघरत होता. अखेर स्वार पटावर उतरला तेव्हा घोडा शेवाळी हिरवा, स्वाराचे तोंड जांभळे, पागोटे राखाडी आणि भोवती राणी रंगाची चौकट! स्वतःच्या मोठ्या पडद्यावर पाहावे तर चित्र निर्दोष. खेळात घालावे की हा शिमगा.

त्याने मला कारण समजावून सांगितले ते असे. आज आपण पडद्यावर पाहतो त्या चित्रात एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक छटा असू शकतात. हा खेळ जुना. त्याच्या सैनिकाच्या चित्राला फक्त २५६ रंग परवडतात. सोळा ओळी, दर ओळीत सोळा घरे, आणि प्रत्येक घरात एक रंग. यालाच पॅलेट म्हणायचे. पण खरी मेख पुढे आहे. चित्राच्या फाइलीत रंग नसतोच. असतो तो फक्त घराचा क्रमांक. ‘येथे तांबडा’ असे चित्र म्हणत नाही, ‘येथे क्रमांक ९७’ असे म्हणते. ९७ व्या घरात त्या वेळी जे असेल ते दिसते.

मी चित्रकलेचा मास्तर. माझ्या लेखी रंग म्हणजे वस्तू : ट्यूबमधून निघतो, ब्रशला लागतो, कागदावर वाळतो. हा बिनरंगाचा रंग माझ्या डोक्यात शिरेना. शिरला तो आमच्या सौभाग्यवतींच्या. चहा घेऊन आल्या होत्या, कपबशा ठेवता ठेवता म्हणाल्या, “मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या हलल्या असतील.” चाळीस-पन्नास वर्षे त्या डब्याकडे न पाहता हात घालतात, डावीकडची दुसरी वाटी म्हणजे हळद. सूनबाईने घासून पुसून वाट्या दुसऱ्या क्रमाने लावल्या तर हात चुकत नाही, पण फोडणी चुकते. नातू उडालाच. नेमके तेच झाले होते.

पूर्ण रंगातले चित्र २५६ रंगांत उतरवताना आम्ही जिंप नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरत होतो. खेळाचे पॅलेट आम्ही त्याला नेमून दिले होते. पण त्या खिडकीत खाली एक बारीक खूण असते : न वापरलेले आणि दुबार रंग पॅलेटमधून काढून टाकावेत. ती खूण आधीपासून केलेली असते. प्रोग्रामने गुणी नोकरासारखी रिकाम्या वाट्यांची आवराआवर केली आणि उरलेल्या पुढे सरकवल्या. ९७ व्या घरातला तांबडा ६१ व्या घरात जाऊन बसला. खेळाला या आवराआवरीचा पत्ता नव्हता. तो आपला जुन्याच क्रमाने हात घालीत होता. खूण काढली आणि घोडा पुन्हा अबलख झाला. स्वाराला माणसाचे तोंड मिळाले.

दुसरा दोष चौकटीचा. पॅलेटच्या अगदी शेवटच्या घरात राणी रंग असतो आणि खेळात ते घर पारदर्शक धरतात. सैनिकाभोवतीची जागा त्या रंगाने भरायची, म्हणजे पटावर ती दिसत नाही. पाहायला दुखेल असा हा रंग मुद्दाम निवडलेला. कारण अंगरख्यात वा घोड्यात तो चुकूनही येणार नाही. क्रम सुधारताच चौकट गेली, पण स्वाराच्या कडेने राणी रंगाची एक बारीक किनार उरली, जणू होळी खेळून आलेला शिपाई. आकृतीची कड गुळगुळीत दिसावी म्हणून संगणक कडेचे ठिपके मागच्या रंगात मिसळतो. अर्धा तांबडा, अर्धा राणी असा ठिपका धड पागोट्याचा नाही आणि धड पारदर्शकही नाही. कड मऊ करणे हा चित्रकाराचा गुण, मी मुलांना तो शिकवीत आलो. येथे तोच दोष ठरला. कडा करकरीत ठेवून चित्रे पुन्हा काढली. उरलेसुरले ठिपके मी एकेक करून पुसले. या वयात डोळ्यांना त्रास झाला, पण नातवासमोर कुरकुर करणे शोभले नसते.

तिसरा दोष सर्वांत सूक्ष्म होता, आणि या लेखाचे मूळ तोच.

पॅलेटच्या पहिल्या काही ओळी राखीव असतात. त्या घरांत तुम्ही कोणताही रंग भरा, खेळ तो काढून तेथे ज्याच्या पदरी तो सैनिक आहे त्या राज्याचा रंग भरतो. आम्ही या ओळींना ‘राज्यरंग’ असे नाव दिले. एकच चित्र दोन्ही बाजूंना चालते ते याच युक्तीने. गंजिफाकारांना ही युक्ती फार पूर्वीपासून ठाऊक होती. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा रंगांची एकशे वीस पाने असतात. प्रत्येक रंगाला राजा आहे, प्रधान आहे आणि प्रत्येकाची जमीन वेगळ्या रंगाची आहे. जमीन पाहिली की पान कोणाच्या बाजूचे ते कळते.

राखीव ओळींत आम्ही निळ्याच्या छटा ठेवल्या होत्या आणि निशाण त्या निळ्याने रंगवले होते. पटावर मराठ्यांच्या बाजूने पाहिले तर निशाण भगवे झाले, छान. पण अंगरख्याच्या घड्याही भगव्या झाल्या होत्या! निजामाच्या बाजूने पाहिले तर निशाण पिवळे आणि घड्याही पिवळ्या. पांढऱ्या कापडाची सावली निळसर असते, हे मीच नातवाला अभिमानाने सांगितले होते आणि तशीच ती रंगवून घेतली होती. प्रोग्रामने प्रत्येक ठिपक्याला जवळात जवळचा रंग शोधला. निळसर सावलीला सर्वांत जवळचे घर राखीव ओळीत होते. रंगाच्या नुसत्या जवळिकीने स्वाराचे स्वतःचे कापड धन्याच्या खात्यात जमा झाले.

यावर उपाय नातवानेच काढला. राखीव ओळींत त्याने तात्पुरता भडक पोपटी हिरवा भरला. आमच्या चित्रात त्याच्या आसपासचा एकही रंग नसल्याने अंगरख्याचा वा घोड्याचा एकही ठिपका तिकडे फिरकला नाही. सारे आपापल्या घरांत बसले. मग घरांचा क्रम न हलवता मूळ पॅलेट परत जोडले आणि जे राज्याचे म्हणून दाखवायचे तेवढेच शेवटी हाताने राखीव रंगांनी रंगवले. म्हणजे आता प्रत्येक ठिपक्याविषयी निर्णय आम्हालाच घ्यायचा होता : हे धन्याचे की स्वाराचे?

येथे आमचे भांडण झाले. नातवाला पागोटेही राखीव रंगात हवे होते. “निशाण नखाएवढे. लांबून बाजू कळणार कशी? पागोटे मोठे आहे.” खेळाडू म्हणून त्याचे बरोबर होते. मी म्हणालो, “पागोटे घरचे असते. चाकरी बदलली म्हणून कोणी पागोटे बदलत नाही.” तो म्हणाला, “पण आबा, मराठा निजामाकडे गेला तर तो निजामाचाच झाला ना?”

मी त्याला शिलेदार आणि बारगीर यांतला फरक सांगितला. बारगिराला घोडा सरकारातून वा सरदाराकडून मिळतो. शिलेदाराचा घोडा आणि हत्यारे त्याची स्वतःची. तो चाकरी विकतो, घोडा विकत नाही. नातवाचा चेहरा उजळला. भांडणातून त्याने दोन सैनिक काढले. बारगिराच्या घोड्यावरची झूल राज्यरंगात, कारण घोडाच धन्याचा. शिलेदाराचे केवळ भाल्यावरचे निशाण राज्यरंगात. घोडा, झूल, शेला त्याचे. पागोटे दोघांचेही तांबडेच राहिले. किंमतही निराळी ठेवली : शिलेदार महाग, पण चपळ.

एक अडचण मात्र उरली, आणि ती माझ्या क्षेत्रातली होती. पेशव्यांचे निशाण भगवे. आसफजाही निशाण पिवळे, त्यावर गोल कुलचा. नखाएवढ्या निशाणावर कुलचा कुठून दिसणार? उरले भगवे आणि पिवळे, आणि हे दोन रंग शेजारी. उन्हात दोन्ही उजळ टोकाला सारखेच दिसत आणि लढाईच्या गर्दीत आपला कोण, परका कोण हे कळेना. नातू रंग अधिकाधिक भडक करीत गेला. गोंधळ तेवढाच राहिला. मी त्याला शाळेतला जुना धडा दिला : डोळे किलकिले करून पाहा. डोळे बारीक केले की रंग मागे सरतो आणि उजेड-अंधार पुढे येतो. संगणकावर ते आणखी सोपे. चित्र क्षणभर करड्या छटांत पाहायचे. पाहिले तर दोन्ही निशाणे एकाच करड्या रंगाची! फरक रंगात होता, उजळपणात नव्हता. मग भगव्याची संपूर्ण उतरंड गेरूकडे झुकवून एक पायरी गडद केली. पिवळा लिंबाकडे नेऊन फिका केला. त्याच्या गडद टोकाला काळा मिसळायचे बंद केले, कारण पिवळ्यात काळा घातला की तो शेवाळी हिरवा होतो. तेथे पिवळी माती वापरली. प्रत्येक राज्याच्या रंगाची फाइल वेगळी असते, त्यामुळे हे दोनदाच करावे लागले. दोन्ही निशाणे लांबून वेगळी दिसू लागली.

त्या संध्याकाळी दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली. पिवळ्या निशाणाखालची तांबडी पागोटी आणि भगव्या निशाणाखालची तांबडी पागोटी. नातू बराच वेळ डाव खेळलाच नाही, नुसता पाहत होता. मग त्याने सहज विचारले, “आबा, आपले पणजोबा कोणत्या बाजूचे?”

माझे वडील निजाम सरकारच्या महसूल खात्यात कारकून होते. कचेरीत उर्दू लिहीत, घरी जमाखर्च मोडीत ठेवीत. धाकटे काका १९३८ साली स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. सप्टेंबर १९४८ नंतर आमच्या बैठकीत काकांची खादीच्या टोपीतली तसबीर लागली आणि वडिलांचा शेरवानी आणि रुमी टोपीतला फोटो ट्रंकेच्या तळाशी गेला. कोणी ठरवून ठेवला असे नाही. पण वरही कोणी काढला नाही. वडील गेल्यावर घर माझ्या हाती आले. भिंतींना तीन-चार वेळा रंग दिला. मीही तो फोटो लावला नाही. माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांनी, पाहुण्यांनी विचारले तर काय सांगावे, हा संकोच होता. काका तुरुंगात असताना दोन्ही कुटुंबांच्या चुली वडिलांच्या त्या पगारावर पेटत होत्या, हे आईने मला सांगितलेले होते. काकांनीही ते कधी नाकारले नाही. तरी मी लावला नाही. निळसर सावली राज्याच्या रंगाच्या जवळची म्हणून प्रोग्रामने अंगरखाच धन्याच्या नावे केला, त्याला आम्ही दिवसभर नावे ठेवली. मी दुसरे काय केले होते?

नातवाला मी उत्तर दिले नाही. खाली जाऊन ट्रंक उघडली आणि फोटो वर आणून त्याच्या हाती दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि म्हणाला, “नाक तुमच्यासारखे आहे.”

पुढचे दोन दिवस खर्डा बाजूला राहिला. त्याने फोटोची प्रत संगणकावर घेतली, बुरशीचे डाग काढले आणि रंग भरायचे ठरवले. टोपीचा रंग कोणता, त्याने विचारले. तो मला ठाऊक होता. तांबडी, किंचित काळसर. ती टोपी लहानपणी मी घालून पाहिली होती आणि मार खाल्ला होता. हाताचा, चेहऱ्याचा रंग माझ्याच हातावरून घेतला. मग शेरवानी. काळी होती, गर्द निळी होती की तपकिरी? करड्या छटेवरून तिन्ही शक्य होते. सांगू शकेल असे आता घरात कोणी नाही. नातू म्हणाला, “अंदाजाने भरू?” मी नको म्हणालो.

फोटो आता बैठकीत काकांच्या शेजारी लावला आहे. टोपी तांबडी, चेहरा सावळा, आणि शेरवानी होती तशी करडी.